राजलक्ष्मी सी

इस्पितळात बाळाच्या मनगटावर "बेबी ऑफ राजलक्ष्मी" अशी पट्टी पाहिली, तेव्हाच प्रियदर्शिनीला कळलं की आपला भाऊ ग्रह आहे.

नववीतल्या प्रियदर्शिनीने नुकतंच शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात "दूरच्या ग्रहांची नावं कशी ठरतात" यावर न अडखळता भाषण केलं होतं. तेव्हापासून तिला कुठल्याही विषयावर न अडखळता बोलता येऊ लागलं होतं.

"सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाला आधी त्याच्या ताऱ्याचं नाव लागतं," ती आईच्या पलंगाशी उभी राहून म्हणाली. "मग अक्षर. 'ए' ताऱ्यासाठी राखीव. म्हणून पहिला सापडलेला ग्रह बी, पुढचा सी. आई तारा. मी बी. आणि हा राजलक्ष्मी सी."

"आणि मी?" हौसेरावांनी विचारलं.

"पप्पा ह्यात धरलेले नाहीत."

हौसेरावांना वाईट वाटलं नाही. वाशीच्या मार्केटात ते माथाडींचे मुकादम होते. तिथे पोत्यांवरही आधी व्यापाऱ्याचं नाव आणि मग अक्षर मारतात. "बरोबरे," ते म्हणाले. "गाडी लागली की घोळ नको."

नाव अर्थातच तात्पुरतं होतं. खरं नाव प्रियदर्शिनीने ठरवून ठेवलं होतं: शिवतेज. इतकी वर्षं एकुलती राहिल्यावर भावाचं नाव आपणच ठेवायचं, यावर ती ठाम होती. अडचण एकच होती, आणि ती बारशाला साताऱ्याहून येणार होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि विजयमाला आत्याने तो आजवर कुणाला दिला नव्हता.

तोपर्यंत सी पसरत गेला. लस देताना सिस्टरने नाव विचारलं, हौसेरावांनी गंभीरपणे "सी" सांगितलं. सोसायटीच्या ग्रुपवर "सी घरी आला" असा मेसेज पडला. शेजारच्या संध्याकाकूंनी दुपट्यावर इंग्रजी सी भरला. घरमालक गोटीरामशेठ, इथल्या जुन्या गावातले, चांदीचे वाळे घेऊन आले. वाळ्यांवरही सी कोरलेला.

"नाव बरा हाय," ते म्हणाले. "आमची शेतां शहरासाठी गेली, तवा सरकारनी त्यांना पन असाच नंबर लावला. शेताचा नाव अजून ध्यानान हाय आमच्या. पन पत्ता सांगताना सेक्टरच सांगतो."

प्रियदर्शिनीला हे उदाहरण आवडलं नाही. तात्पुरत्या गोष्टींनी तात्पुरतंच राहावं, असं तिचं मत होतं.

बारशाच्या सकाळी आत्या आली. दुपटं, फुगे, केक, सगळ्यांवरून तिने शांतपणे नजर फिरवली.

"एवढ्या चंद्रकोरी कशाला लावल्यात गं?"

"सी आहेत त्या, आत्या." प्रियदर्शिनीने ताऱ्यापासून सुरुवात करून, स्वतः बी असल्याचं सांगून, शेवटी शिवतेजचा प्रस्ताव मांडला.

"नाव ठरलंय," आत्या म्हणाली. "पंढरी. तुझ्या आज्याचं."

"पण अलीकडे वारलेल्या माणसाचं नाव ग्रहाला चालत नाही. नियम आहे."

"कुणाचा?"

"आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा."

"कुठं असतंय ते?"

"पॅरिसला."

"मग त्यांनी पॅरिसच्या पाळण्यात ठेवावं त्यांच्या मनाचं. ह्यो पाळणा जुईनगरला हाय."

संध्याकाळी आत्याने पाळण्यात वाकून "कुर्रर्र" केलं आणि पंढरी हे नाव सांगून टाकलं. रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. प्रियदर्शिनीची थापटी जरा मनापासून बसली. मग ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

घुगऱ्या वाटून होतात तोच बाळ रडायला लागलं.

"वहिनी, हाक मारा की त्याला," आत्या म्हणाली. "नाव पडू दे कानावर."

राजलक्ष्मीने पाळण्यापाशी जाऊन तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "मामंजींचं नाव मी कधी तोंडातून काढलं नाही. आता त्यांना गप झोपा कसं म्हणू?"

घुगऱ्या खाणारे हात थांबले. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत तिला लग्नानंतर आत्यानेच शिकवली होती.

"आणि शू केली तर?" राजलक्ष्मीने विचारलं. "रागवायचं कुणाला?"

आत्याने पाळण्याला एक झोका दिला. "घरात हाक मारायला दुसरं कायतरी लागंलच," ती शेवटी म्हणाली.

"शिवतेज," गॅलरीच्या दारातून आवाज आला.

"आता ते कशाला आणि? वाळे कोरल्यात, दुपटं भरलंय. सी म्हणा."

"आत्या, सी तात्पुरतं होतं."

"घरातली नावं समदी तात्पुरतीच असत्यात. तुझ्या बापाला गावाकडं अजून काय म्हणत्यात, सांगू?"

हौसेराव केकसाठी सुरी बघायला आत गेले.

प्रियदर्शिनी उत्तर देणार होती. पण प्रदर्शनातला स्वतःचाच शेवटचा तक्ता तिला आठवला. तिथपर्यंत पाहुणे पोहोचलेच नव्हते. ग्रहाला मंजूर नाव मिळालं, तरी शास्त्रज्ञ रोजच्या कामात अक्षरच वापरतात, असं त्यावर तिने ठळक लिहिलं होतं. म्हणजे भावाचं नाव तिनेच ठेवलं होतं. फक्त ते शिवतेज नव्हतं.

"सी," राजलक्ष्मी पाळण्यात वाकून म्हणाली. बाळ रडतच राहिलं, पण तिला मोकळं वाटलं.

"घ्या गं कुणीतरी त्याला, वहिनींना दोन घास खाऊ द्या." आत्याची नजर भाचीवर गेली. प्रियदर्शिनी हे लांबलचक नाव एकेकाळी तिनेच कानात सांगितलं होतं, आणि आजवर कुणाला त्यातलं एक अक्षरही तोडू दिलं नव्हतं. पण दिवसभराच्या गडबडीत तिचाही दम संपला होता.

"बी," ती म्हणाली, "सीला घे."

बी गेली आणि तिने सीला घेतलं.