श्वास नाकाचा, श्वसन पेशीचं

कोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नोटिस बोर्डावर 'श्वसनाचे व्यायाम' असा कागद लावला, की तासाभरात त्यावर लाल शाई उमटते. 'श्वसनाचे'वर काट, वर सुवाच्य अक्षरात 'श्वासाचे', आणि कोपऱ्यात दहापैकी चार मार्क. मार्क देणारे गायकवाड सर चौथ्या मजल्यावर राहतात. मराठी शाळेत विज्ञान शिकवून ते रिटायर झाले. त्यांचं विज्ञान अजून झालेलं नाही.

"श्वास नाकाचा, श्वसन पेशीचं," हे त्यांचं पालुपद. हवा आतबाहेर करणं ही नुसती हमाली. खरं काम पेशीत चालतं. तिथे जेवणातली साखर टप्प्याटप्प्याने फोडून ऊर्जा काढली जाते. "टप्प्याटप्प्याने हं! एकदम जाळली असती तर पोळी खाताखाता पेटला असतास."

आमच्याकडे लिफ्ट नाही. एकदा बायकोला शौर्य दाखवायला मी पिठाचा डबा खांद्यावर घेऊन धावत जिना चढलो आणि दुसऱ्या मजल्यावर मटकन बसलो. सर खाली उतरत होते. पाणी विचारतील असं वाटलं.

"मांड्या जळतायत ना? ऑक्सिजन पुरला नाही, मग पेशींनी त्याच्याशिवायच साखर फोडली. अर्धवट. त्यातून लॅक्टिक आम्ल. दह्यात असतं तेच. थोडक्यात मंदार, तुझ्या मांड्यांना दही लागतंय."

वैशाली पुढे आठवडाभर मला 'दहीमांड्या' म्हणत होती.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या पत्नी, शालनकाकू गेल्या. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "सर, श्वसन थांबलंय." सर म्हणाले, "श्वास थांबलाय, डॉक्टर. शब्द नीट वापरा." हा किस्सा मी ऑफिसात, लग्नकार्यात, जमेल तिथे रंगवून सांगितलाय. हशा हमखास.

मागच्या आठवड्यात सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार दिवस घोडबंदर रोडला मुलीकडे निघाले. जाताना माझ्या दारात उभे. हातात चिनी मातीचा छोटा सट.

"काकूंचं विरजण आहे. यातलंच चमचाभर रोज पुढच्या दुधाला. ती गेल्यापासून एक दिवस चुकवलेला नाही."

"सर, सोबतच न्या ना."

"घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून? पोचेपर्यंत ताक होईल." मग बोट वर करून म्हणाले, "दूध कोमट हवं. करंगळी बुडवून पाच मोजता आले पाहिजेत. आत जिवाणू आहेत. दुधातली साखर फोडून जगतात बिचारे, ऑक्सिजनचीही वाट बघत नाहीत. तेही श्वसनच. त्यांना चटका देऊ नकोस."

वैशाली माहेरी बदलापूरला गेलेली. पहिल्याच संध्याकाळी, एका कानाला ऑफिसचा फोन असताना, मी दूध खळखळून उकळलं, जंतू मरावेत म्हणून, आणि तसंच सटातल्या चमचाभर विरजणावर ओतलं. जंतू मेले. नेमके तेच पाळायचे होते.

सकाळी सटात दूधच. मी डेअरीतून दही आणलं, सटात भरलं, वरची साय चमच्याने सारखी केली. स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

सर परतले. डोळ्यांवर काळा चष्मा. दारातच चमचाभर चाखलं.

"हे कोण?"

"दही, सर."

"ते कळतंय. कोण आहे हे?"

मी सगळं सांगून टाकलं. दहापैकी शून्याची तयारी होती. पण सर चपलांच्या स्टँडवरच बसले.

"तिच्या हातचं एवढंच जिवंत होतं रे," म्हणाले.

वैशाली त्याच दुपारी आलेली. ती आतून बाहेर आली. "सर, आम्ही इथे राहायला आलो त्या संध्याकाळी मी वर विरजण मागायला आलेले, आठवतं? काकूंनी दिलेलं. आमचं दही अजून त्याच्यावरच चाललंय." मग माझ्याकडे वळली. "फ्रीजमधलं दही कुठाय?"

फ्रीजमध्ये दही आपोआप होतं, अशी माझी लग्नापासूनची समजूत.

"खाल्लं," मी म्हटलं. "थालीपिठाबरोबर."

"मंदार!"

पण रिकामं पातेलं तसंच फ्रीजमध्ये सरकवायची मला सवय आहे. आमची निम्मी भांडणं त्यावरून होतात. वैशालीने पातेलं काढलं. काठाला, तळाला, चिकटलेलं थोडंसं होतं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते सगळं चमच्याने निगुतीने खरवडून, धुतलेल्या सटात घेतलं. दूध वैशालीने तापवलं. करंगळी सरांनी बुडवली. पाच आम्ही तिघांनी मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल. सर सट घेऊन उभे. त्यांनी तो तिरका केला. दही जागचं हललं नाही.

वैशालीने चाखलं. "काकूंचंच," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

"डॉक्टरांना मी तेच सांगत होतो," सर म्हणाले. "थांबला तो श्वास."

मी मान खाली घातली. सरांनी निम्मं दही आमच्या वाटीत काढलं आणि वाटी वैशालीसाठी न ठेवता माझ्याच हातात दिली. एका घरात सगळं ठेवू नये, म्हणाले.

जिना चढता चढता त्यांनी वरून आवाज दिला, "करंगळी, मंदार! पाच!"