नर्सबाईंचा कोट आणि माझे एक्केचाळीस दिवस

मंडळी, सिगरेट सोडणं हे पुरुषाचं काम आहे! बायकांना ते झेपत नाही! हे माझं मत मी आमच्या लाँड्रीच्या काउंटरवर उभा राहून, भरल्या दुकानात, छातीवर हात मारून सांगितलं होतं. आता ते मत कुठे गेलं, ते कृपया विचारू नका.

झालं असं, की एक तारखेला मी सिगरेट सोडली. त्याच दिवशी समोरच्या इमारतीतल्या नर्सबाईंनीही सोडली. नर्सबाई म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. वय पन्नाशीच्या पुढे आणि आवाज असा, की हॉस्पिटलातले डॉक्टरसुद्धा त्या दिसल्या की चालायचा वेग वाढवतात. आमची ओळखच मुळी दुकानाच्या पायरीवर, एका काडीवर दोघांनी पेटवताना झालेली.

"लेकीला बाळ झालंय," त्या म्हणाल्या. "पण तिची अट आहे. चाळीस दिवस एकही ओढायची नाही, मगच बाळाला हात लावायचा. तोवर दारातून बघायचं."

"चाळीस दिवस?" मी हसलो. "राग मानू नका बाई, पण तुम्हाला चार नाही जमायचे. बायकांचं मन हळवं. जरा कुणी टोचून बोललं की हात गेलाच पाकिटाकडे! पुरुषाचं तसं नसतं. पुरुषाचं ठरलं म्हणजे ठरलं!"

नर्सबाईंनी कपडे काउंटरवर ठेवले. पावती घेतली आणि गेल्या.

मी मात्र बोलतच राहिलो. काउंटरवर पाटी लावली, 'मालकांनी सिगरेट सोडल्याचा दिवस: पहिला'. रोज सकाळी आकडा खडूने बदलायचा. गिऱ्हाइकं पाटी वाचून माझा हात हातात घ्यायची. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "केवढा हा निग्रह!" मी मान खाली घालून लाजलो. मला चांगलं लाजता येतं.

घरात तर माझं बाळंतपण चालू असल्यासारखी बडदास्त! बायको उठल्यापासून पेपरमिंटच्या गोळ्या पुढे करायची. मी एका गिऱ्हाइकावर खेकसलो, तर ती त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मनावर घेऊ नका, त्यांनी सोडलीय ना!" गिऱ्हाइकानं उलट माझीच माफी मागितली. तिकडे नर्सबाई वॉर्डात कुणावर तरी ओरडल्या, तेव्हा सगळे म्हणाले, "बाईचा स्वभावच खाष्ट!" त्यांनी सोडलीय हे कुणाला माहीतच नव्हतं. त्यांनी सांगितलंच नव्हतं. पाटी नाही, गोळ्या नाहीत, काही नाही.

आणि नवव्या दिवशी मी ओढली.

कारण? कारण काहीच नाही! दुपारची वेळ होती, बायको जेवत होती, जुन्या जाकिटाच्या खिशात एक सापडली, आणि हात आपोआप काडीकडे गेला. मनाला म्हटलं, एकच. मनानं ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऐकलं.

आता प्रश्न जागेचा. आमच्या दुकानामागे एक खोली आहे. तिथे वाफेची इस्त्री, आणि छताला लागून लांब दांडा. धुऊन झालेले कपडे त्या दांड्यावर टांगतो. भिंतीत वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा. पंख्याखाली, कपड्यांच्या रांगेमागे उभं राहिलं की माणूस दिसत नाही. पण शर्टांआड उभं राहून बघा! निम्मा माणूस बाहेर! त्यामुळे सव्विसाव्या दिवशी नर्सबाईंचा लोकरी कोट आला, तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं. घोट्यापर्यंत लांब, जाडजूड, खांद्यांना भरदार! त्या कोटाआड उभं राहिलं की बाहेरून फक्त माझे बूट दिसायचे.

"एक्केचाळिसाव्या दिवशी लेकीकडे जाताना घालायचाय," बाई म्हणाल्या होत्या. "तोवर तुमच्याकडेच राहू दे. घरी नेला तर पुन्हा मळेल." एरवी धुतलेल्या कपड्यावर आम्ही लगेच प्लास्टिकचं आवरण चढवतो. या कोटावर आणि त्याच्या रांगेतल्या कपड्यांवर मी चढवलं नाही. प्लास्टिक फार वाजतं हो! जरा हललो की चुरचुर, चुरचुर! बायकोचे कान तिखट. म्हणून कोट पंधरा दिवस उघडा. त्यामागे मी. वर पंखा. पंखा आपला जमेल तेवढा धूर बाहेर टाकत होता. उरलेला कुठे जातो, हा विचार पंधरा दिवसांत मला एकदाही शिवला नाही. तीस वर्षं कपडे धुतोय मी!

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी नर्सबाई कोट न्यायला आल्या. केस धुतलेले, नखं कापलेली, चेहरा शाळेच्या पहिल्या दिवशीच्या मुलीसारखा. मी कोटावर सुगंधी फवारा मारला, आवरण चढवलं आणि दिला. त्यांनी पाटीकडे पाहिलं. "एक्केचाळीस! दोघांनाही जमलं की हो, भाऊ!"

"जमणारच!" मी म्हणालो. बघा, जीभ कशी झडली नाही!

तासाभरात त्या परत आल्या. कोट हातात, चेहरा पांढराफटक. दुकानात हेडमास्तर होते, बायको काउंटरवर होती.

"भाऊ, या कोटाला सिगरेटचा वास येतोय. दारात पाऊल टाकलं, लेकीनं मिठी मारली, आणि तशीच मागे सरकली. बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं! मी शपथा घालून सांगितलं तरी ऐकेना. मी एकही ओढली नाही हो! मग वास आला कुठून?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण बायको बघत होती, हेडमास्तर बघत होते, पाटीवरचा एक्केचाळीस बघत होता. मी घसा खाकरला.

"त्याचं काय आहे, बाई, लोकरीत जुना धूर मुरलेला असतो. वाफ दिली की तो वर येतो. तुमचाच जुना धूर आहे तो."

"अगदी शास्त्रीय!" हेडमास्तर म्हणाले.

नर्सबाईंच्या जिवात जीव आला. माणूस इतका चटकन विश्वास ठेवतो हे पाहून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"थांबा, हेच माझ्या लेकीला सांगा! तुम्ही यातले जाणकार!" त्यांनी फोन लावला, आवाज मोठा केला, आणि माझ्या तोंडापुढे धरला. मी तेच पुन्हा सांगितलं. जरा जास्तच आत्मविश्वासानं.

"काका, एक सांगा," पलीकडून लेक म्हणाली. "असा मुरलेला धूर किती दिवस टिकतो?"

आता मला काय माहीत? फार लांबवलं तर पटायचं नाही, असं वाटलं. पटेल असा आकडा काढला. "टिकतो की! दोन आठवडे... फार तर तीन!"

पलीकडे लेकीनं पुटपुटत दिवस मोजले.

"म्हणजे कोट तुमच्याकडे यायच्या आधी, विसाव्या-पंचविसाव्या दिवशी आई ओढत होती," लेक सावकाश म्हणाली. "आई, निदान तू खरं तरी सांगायचंस." आणि फोन बंद झाला.

धरणी दुभंगली असती तर मी रांग न लावता आत शिरलो असतो. हेडमास्तरांनी मान हलवली. "जाऊ द्या हो बाई, बायकांना अवघडच जातं. यांच्यासारखा निग्रह सगळ्यांकडे कुठला?" आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली!

नर्सबाई स्टुलावर बसल्या. इतका दणकट आवाज, पण आता ऐकू येईना. "पहिले दहा दिवस हात थरथरायचे," त्या म्हणाल्या. "सलाईन लावताना दुसरीला बोलवायचे. डोळ्यांत पाणी यायचं, तर म्हणायचे सर्दी झालीय. चाळीस दिवस त्याला दारातून बघितलं हो. अजून त्याचं वजन माहीत नाही हाताला." कोट काउंटरवरच टाकून त्या गेल्या. हेडमास्तरही गेले.

बायकोनं कोट उचलला. हुंगला. मग मागच्या खोलीत गेली. मी मागोमाग. तिनं दांड्यावरचा शेजारचा सूट हुंगला, त्याच्या पलीकडचा गाऊन हुंगला, करत करत रांगेच्या टोकाला पोचली. तिथे बालवाडीचे पडदे होते, ससे आणि फुगे काढलेले.

"अहो," ती म्हणाली, "या पडद्यांनीही ओढायला सुरुवात केली वाटतं!"

"अगं, ते... जुना धूर..."

"गप्प बसा! महिनाभर मी तुमच्यापायी लोकांची समजूत काढत बसले. ते जाऊ दे. पण त्या बाईला तुम्ही तिच्या लेकीसमोर खोटं पाडलंत!" तिनं पदरानं पाटी पुसली. एकदम कोरी. "आत्ता जायचं. लेकीच्या घरी. खरं सांगायचं, आणि सांगूनच परत यायचं!"

मी निघालो. पत्ता कोटाच्या पावतीवर होता, कारण कोट थेट लेकीकडे पोचवायची वेळ आली तर असावा म्हणून बाईंनी तिचाच पत्ता लिहिला होता. इमारतीच्या खाली पोचलो आणि धीर सुटला. चौथा मजला! अनोळखी घर! म्हटलं, धीर यायला एक हवी. फक्त एक, खरं बोलण्यासाठी! ओढली. थोटूक चिरडलं आणि वर गेलो.

दार जावयानं उघडलं. नर्सबाई आधीच पोचल्या होत्या. कोट नव्हता अंगावर. बाह्या कोपरापर्यंत वर, हात धुऊन लाल झालेले, आणि दारालगतच्या खुर्चीत परकं माणूस बसावं तशा बसलेल्या. आतल्या दारात लेक बाळाला घेऊन उभी.

मी एका दमात सगळं ओकलो. नववा दिवस, दांडा, पंखा, कोटाआड उभं राहणं, दोन-तीन आठवडे हा थापेचा आकडा, सगळं! "तुमच्या आईनं एकही ओढली नाही. धूर माझा होता. मी खोटं बोललो."

आता शिव्या पडतील म्हणून डोळे मिटले. तर जावयानं माझा हात हातात घेतला!

"काका, केवढं मोठं मन तुमचं! चार जिने चढून कबूल करायला आलात! पुरुषाला सोडणं किती कठीण असतं, कल्पना आहे मला." लेकीचे डोळे भरून आले. "खरंच काका, तुमच्यामुळे कळलं. बसा ना. बाळ बघा!" आणि मला काही समजायच्या आत बाळ माझ्या हातात!

माझ्या हातात! कुणी मला हुंगलं नाही. कुणी हात धुवायला सांगितलं नाही. तीन पावलांवर नर्सबाई उभ्या राहिल्या होत्या, हात जरासे पुढे आलेले. लेक त्यांना म्हणत होती, "आई, तू जरा थांब हं, आधी कपडे बदल, केसांनाही लागला असेल वास."

बाळ ऊबदार होतं. त्यानं नाक मुरडलं. इवलंसं नाक, पण घरात तेवढंच काम करत होतं.

मंडळी, मी आयुष्यात बरंच खोटं बोललोय, पण बाळाच्या तोंडावर नाही बोलवलं.

"मी आत्ताच ओढून आलोय," मी म्हणालो. "खाली. तुमच्या दारात यायला धीर होईना म्हणून."

"काय?" लेक किंचाळली. बाळ माझ्या हातातून असं हिसकलं गेलं, की मला कळलंही नाही! तिला खिडक्या उघडायच्या होत्या, चारच्या चार, एकदम! हातातलं बाळ तिनं जवळ होतं त्या माणसाकडे दिलं. जवळ नर्सबाई होत्या.

त्या खाली जमिनीवरच बसल्या. खुर्ची मागेच होती, पण कुणाला सुचलं नाही. एक हात बाळाच्या मानेखाली, एक पाठीशी. नुसत्या हातांनी त्याला तोलत राहिल्या. लेक खिडकीशी तशीच थांबली आणि मग आईशेजारी येऊन बसली. त्या तिघांत आता कुणाला माझी आठवण नव्हती, आणि तेच बरं होतं.

जावई मला जिन्यापर्यंत सोडायला आला. आतल्या आपल्या बायकोला ऐकू जातील असे दोन कडक शब्द त्यानं मला सुनावले, दार नीट ओढून घेतलं, मागे वळून पाहिलं. मग एक पायरी खाली उतरून माझ्या कानाशी आला.

"काका," तो कुजबुजला, "आहे का हो एखादी?"

सांगायला लाज वाटते मंडळी. दोन होत्या.