यंत्राच्या पोटातील फितूर

श्री. जिच्या कृपेने उष्टे ताट पुन्हा पाटावर येते, ती जळदेवता लेखकाचा संताप शांत ठेवो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, फाल्गुन शुद्ध दशमीस, रविवारी भोजनोत्तर राज्यावर संकट गुदरले. हकीकत ऐसी जे, राजे भार्गवराव आणि राणी मृदुलाबाईसाहेब यांमध्ये भांडी कोणी घासावी म्हणोन पूर्वी दारुण युद्धे जाहली, आणि तहान्वये डिशवॉशर नामे यंत्र राज्यात आले, आणि मग उभयतां गोड बोलू लागली. तेच यंत्र गुरगुरले, तांबडा डोळा मिचकावला, आणि पोटात घाण पाणी धरोन निपचित पडले. राणीसाहेब म्हणाल्या, "कारागिराला फोन करा." राजे पदवीधर, कोणास विचारणे त्यांस कमीपणाचे. गर्जले, "आम्हीच उघडू! आणि ज्याच्या ताटातली घाण आत सापडेल, तो जन्मभर हातानं भांडी घाशील!" रोख राणीसाहेबांच्या भातावर होता, हे भिंतींसही कळले. त्या इतकेच वदल्या, "शब्द फिरवायचा नाही हं." आणि त्यांनी वीज तोडली, नळ बंद केला, म्हणोन वंश राहिला.

इतक्यात राणीसाहेबांचे बंधू हेरंबराव, घरी जेवोन, मदतीस पातले. म्हणाले, "दाजी, मी व्हिडिओ पाहिलाय. आधी मागची नळी ओढायची." राजांनी ओढिली, आणि घाण पाण्याने स्वयंपाकघर सर केले, आणि मग दिवाणखान्याच्या गालिच्यावर चाल केली. हेरंबराव खुर्चीवर चढोन म्हणाले, "दाजी, व्हिडिओत आधी पाणी उपसलं होतं बहुतेक." मग राजांनी उरले पाणी वाटीने उपसिले, आणि तळची गाळणी काढिली, आणि आनंदाने किंचाळले, "भात! सापडला फितूर!" राणीसाहेब म्हणाल्या, "भात गाळणीनं अडवलाय. पाणी फेकणारा पंखा कशानं अडलाय ते बघा." मग राजांनी पंपाचे झाकण उचकटिले, आणि चिमट्याने पंख्याभोवतीचा लांबलचक, धाग्याधाग्यांचा वैरी ओढोन काढिला. हेरंबरावांनी तो उजेडात धरिला. "दाजी, हा शेवगा. चावलेला."

शेवग्याने राणीसाहेबांच्या ओठांस खाज सुटे. सबब त्या राज्यात शेंग चघळणारे मुख एकच. राजे क्षीण स्वरे म्हणाले, "शेजारच्या राज्यातून आला असेल." राणीसाहेब म्हणाल्या, "नळीतून पोहत?" आणि हेरंबराव खुर्चीवरोन हसत पडले, आणि पाण्यात पडले, आणि मग राजेही हसले. मग सर्व जागच्या जागी बसवोन, वीज-नळ पुन्हा सुरू करोन कळ दाबिली, तो यंत्र सुरू जाहले, पाणी घळघळा मोरीत गेले, आणि तिघेही ओल्या फरशीवर नाचले. राजे तर चोथा निशाणासारखा उंच धरोन.

नाच सरताच राणीसाहेबांनी पदर खोचिला, आणि मोठी कढई राजांचे हाती दिली.

तात्पर्य, यंत्र सुधारले, तह टिकला, राजा कामास लागला. ताट खरवडोन टाकणे ही विद्या कोणत्याही पदवीस लाविलेली नाही, याविषयी लेखक अधिक लिहीत नाही. यंत्र अद्याप उत्तम चालते. राजे त्याचे शेजारी उभे राहोन घासतात. आमटीत शेवगा नित्य पडतो. आज्ञा राणीसाहेबांची.