नावांची दुरुस्ती

सोमवारी सकाळी कल्याणरामरावांचा कॉम्प्युटर चौथ्यांदा बंद पडला. निळ्या पडद्यावर नेहमीचीच ओळ होती, सिस्टिम फाइल खराब झाली आहे किंवा सापडत नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या कल्याणरामरावांनी ती वाचली आणि डोक्याला हात लावला.

त्या कॉम्प्युटरमध्ये त्यांची सहा वर्षांची मेहनत होती. कुंभकोणम्-तंजावूरकडच्या मराठी घरांत बोलल्या जाणाऱ्या जुन्या शब्दांचा कोश ते लिहीत होते. शुक्रवारी तो छापखान्यात जायचा होता. निम्मे शब्द पट्टीश्वरम्‌च्या गोमतीआत्याने सांगितलेले. आत्याला अठ्ठ्याऐंशी सरली होती, आणि पुस्तक हातात आल्याशिवाय आपण कुठेही जाणार नाही, पण फार ताटकळत ठेवू नका, असं ती दर आठवड्याला फोनवर बजावायची.

महामहम् तळ्याजवळ दुकान असलेला वेंकटेश स्कूटरवरून आला. पहिल्या खेपेला त्याने व्हायरस म्हणून सगळं पुसून नव्याने भरलं होतं. दुसऱ्या खेपेला मेमरी बदलली, तिसऱ्या खेपेला हार्ड डिस्क. दरवेळी तो आधी कोश सुखरूप बाहेर काढायचा, मग बाकी सगळं नव्याने भरून यंत्र दुरुस्त करायचा, आणि आठ-दहा दिवसांत ते पुन्हा मान टाकायचं. आता बदलायला फक्त कल्याणरामरावच उरलेत, असं तो तमिळमध्ये पुटपुटला.

पहिल्या बिघाडानंतर कल्याणरामरावांचा संशय ग्राइंडरवर गेला होता. इडलीचं पीठ वाटायला तो सुरू झाला की हॉलमधला दिवा मंद व्हायचा, म्हणजे विजेचा झटका बसतो तो त्यानेच. त्यांनी ग्राइंडर बंद करायला लावला. आठ दिवस घरात उपमा झाला. नवव्या दिवशी उपमाही झाला आणि कॉम्प्युटरही बंद पडला.

मग त्यांना वाटलं, उदबत्तीचा धूर आत जात असेल. कॉम्प्युटर देवघरालगतच्या भिंतीपासून उचलून झोपायच्या खोलीत नेला, आणि पलंग हॉलमध्ये आला. भेटायला आलेले लोक पलंगाच्या कडेवर बसून कॉफी पिऊ लागले आणि घरात कोण आजारी आहे, असं हळू आवाजात विचारू लागले.

या सगळ्या उलथापालथीत त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाई एक शब्द बोलल्या नाहीत. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईंना यंत्रातलं काही कळत नाही, हे घरात सर्वांनी धरूनच चाललं होतं.

मंगळवारी दुपारी वेंकटेशने चौथ्यांदा सगळं भरलं. या वेळी तो घरी गेला नाही. मीटर जोडून विजेवर नजर ठेवायची म्हणून दाराआड स्टुलावर बसून राहिला. कल्याणरामराव हॉलमधल्या पलंगावर घोरत होते. तीनच्या सुमारास राजेश्वरीबाई चष्मा पुसत आल्या, कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि एकाग्रतेने काहीतरी टाइप करू लागल्या. वेंकटेशने मागून वाकून पाहिलं आणि त्याच्या हातातला मीटर खाली पडला.

आवाजाने कल्याणरामराव उठून आले. बाई सिस्टिमच्या फायलींची नावं दुरुस्त करत होत्या.

"किती अशुद्ध लिहिलंय हो हें," त्या शांतपणे म्हणाल्या. "शेकडो नावं, आणि एकांत धड स्वर नाही. मी रोज दहा-पंधरा करत्यें."

हळूहळू उलगडा झाला. आपली लोणच्यांची यादी शोधताना त्यांना तो फोल्डर सापडला होता. जिथे स्वर गाळले होते तिथे त्यांनी ते भरले, आणि नावांच्या शेवटी येणाऱ्या 'डीएलएल'चं तर सगळीकडे 'डॉल' केलं. यंत्र सारखी परवानगी मागतं म्हणून कल्याणरामरावांनीच पहिल्या दिवशी वेंकटेशकडून सगळे अधिकार उघडे करून घेतले होते. आता ते एवढंच विचारायचं, तुमची खात्री आहे ना? बाईंची खात्री असायचीच.

"दर वेळी चुका परत येत होत्या, तेव्हा तरी कळलं नाही?" कल्याणरामरावांनी विचारलं.

"मुलांच्याही येतात. म्हणून तपासायचं सोडतात का?"

 कोशाला हात लावला का, असं कल्याणरामरावांनी घाईघाईने विचारलं. तो मराठीत आहे आणि मराठी आपला विषय नव्हे, असं बाईंनी सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

बाई कॉफी करायला गेल्या, तेवढ्यात दोघा पुरुषांनी बंदोबस्त केला. बाईंना सापडणार नाही असा पासवर्ड घालायचा ठरलं. कल्याणरामरावांनी नोकरीभर प्रत्येक कागदावर लिहिलेला शब्द वेंकटेशच्या कानात सांगितला, 'नेसेसरी'. वेंकटेशने तो दोनदा टाइप केला, कुलूप बसलं, आणि तो निघून गेला.

बुधवारी सकाळी कॉम्प्युटर उघडेना. कल्याणरामरावांनी शब्द हळू टाइप केला, जोरात टाइप केला, एका बोटाने केला. पासवर्ड चुकीचा. फोनवर वेंकटेश शपथेवर म्हणाला की त्याने अगदी बरोबर लिहिलाय; अक्षरं विचारली तर म्हणाला, तुम्ही लिहिता तीच. उघडत नसेल तर पुन्हा सगळं काढून भरावं लागेल, आणि तो तर स्वामीमलैला कामात अडकलाय, शनिवारी येईल. शुक्रवार हुकला असता. दुपारपर्यंत कल्याणरामरावांनी मुद्दाम चुकीचं लिहूनही पाहिलं, पण तीस वर्षांच्या सवयीची बोटं शेवटी बरोबरच लिहीत.

अखेर त्यांनी मान खाली घालून बायकोला शब्द सांगितला.

"कुणी घातला? वेंकटेशने?" राजेश्वरीबाईंनी हात पदराला पुसले. "सातवीत माझ्याच वर्गांत होता तो. तुम्ही भिंतीकडे तोंड करा."

"का?"

"चुकीचं स्पेलिंग मी कुणाला दाखवत नाही."

कल्याणरामराव भिंतीकडे वळले. मागे कळा वाजल्या आणि कॉम्प्युटर उघडल्याचा सूर आला. कोश शुक्रवारी छापखान्यात गेला, आणि गोमतीआत्याने आता दुसरा भाग केव्हा, अशी चौकशी केली.

दुसऱ्या भागाचं काम सुरू आहे. शब्द हाती आल्यापासून बाईंनी त्या फायलींना हात लावलेला नाही, आणि यंत्र एकदाही बिघडलं नाही. पासवर्ड बदलायचा तर आधी जुना घालावा लागतो, आणि तो बाई सांगत नाहीत. रोज सकाळी नऊ वाजता कल्याणरामराव खुर्ची सरकवून हाक मारतात, "राजी, ये गं," आणि निमूटपणे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात.