माशांसाठी घासलेला चेहरा

विमा कचेरीतल्या हेडक्लार्कांनी बायकोची फेसस्क्रबची ट्यूब उजेडात धरून वाचली आणि तिथून सगळं सुरू झालं. (औषधाच्या पाकिटापासून रद्दीपर्यंत ते काहीही वाचत. कचेरीतल्या फायली तेवढ्या सोडून.)

"अगं, यातले हे निळे दाणे प्लास्टिकचे आहेत. तू तोंड धुतेस, ते मोरीतून नदीत, नदीतून समुद्रात आणि तिथून थेट माशाच्या पोटात जातात."

"मग मी तोंडच धुवायचं नाही का?"

"धू. पण पर्यावरणाला धरून धू."

"मग आणा तुम्हीच तसलं काहीतरी. शनिवारी तुमच्या साहेबांकडे जेवायला जायचंय, त्याआधी आणा."

हे जेवण महत्त्वाचं होतं. मॅनेजरची जागा रिकामी होती आणि साहेबांची नजर हेडक्लार्कांवर होती.

दुकानातल्या मुलीने विचारलं, "स्किन कशी आहे? ऑयली की ड्राय?"

हेडक्लार्क गडबडले. इतक्या वर्षांच्या संसारात हा तपशील त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. "माशांना चालेल असं द्या," ते म्हणाले.

मुलीने गुमान जर्दाळूच्या बियांचा स्क्रब काढून दिला. अगदी नैसर्गिक. फक्त डबी प्लास्टिकची, वरचं वेष्टन प्लास्टिकचं आणि आत चमचाही प्लास्टिकचा. हेडक्लार्कांनी तिला भलंमोठं भाषण ऐकवलं आणि शेजारच्या दुकानातून नुसते जर्दाळू घेऊन घरी आले.

जर्दाळू खाल्ले, बिया मिक्सरमध्ये घातल्या. मिक्सरने एक किंकाळी फोडली, धूर काढला आणि मान टाकली. उरलेलं काम त्यांनी खलबत्त्यात उरकलं. तयार झालेल्या चुऱ्यात बायकोने बोट घातलं आणि चटकन मागे घेतलं.

"आधी तुम्ही लावा," ती म्हणाली.

हलक्या हाताने लावायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. पण डोळ्यांसमोर मासे आले आणि त्यांनी मनापासून घासलं.

शनिवारी बायकोसह ते साहेबांच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या दोन्ही गालांवर लांबच लांब लाल ओरखडे होते. साहेब त्यांना हळूच गॅलरीत घेऊन गेले.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे साहेब. मिक्सर तेवढा गेला."

"म्हणजे मिक्सरपर्यंत मजल गेली?" साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नेमकं झालं कशावरून?"

"माशांवरून."

"चार माशांवरून एवढं?"

"चार नाही साहेब. समुद्रातले सगळेच."

साहेबांनी खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला. मग म्हणाले, "तुम्ही थोडी रजा घ्या. मॅनेजरच्या जागेचं नंतर बघू."

परतताना रस्त्यात हेडक्लार्कांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, साहेबांना वाटलं, तूच मला ओरबाडलंस. साहेबांच्या बायकोने तुला काही विचारलं का?"

"विचारलं ना. स्वयंपाकघरात नेऊन विचारलं."

"मग खरं काय ते सांगितलंस ना?"

"सांगणार होते," बायको म्हणाली. "पण नवऱ्याने बिया कुटून स्वतःच्याच तोंडाला घासल्या, हे सांगायला जीभच रेटेना. शेवटी म्हटलं, हो, मीच ओरबाडलं. आपल्यापैकी एकाचं तरी डोकं ठिकाणावर दिसायला हवं."