पस्तीस वर्षांचा बाप

धुळ्याला मुलगी बघायला जायच्या आदल्या दिवशी खुद्द मुलीनेच हितेंद्रला बजावलं होतं. शेताच्या बांधाबद्दल बोलायचं नाही, निवडणुकीबद्दल बोलायचं नाही आणि वयाबद्दल तर अवाक्षर काढायचं नाही.

"मग बोलू काय? नुसते पोहे खाऊ?"

"सिनेमावर बोल," हेमांगी म्हणाली. "सिनेमावरून आमच्या घरात अजून कोणी भांडलेलं नाही."

बघणं आपलं नावापुरतं होतं. जळगावला पिंप्राळ्यातल्या एका क्लासमध्ये हितेंद्र फिजिक्स शिकवायचा आणि हेमांगी केमिस्ट्री. तो फळा पुसायचा नाही आणि ती रोज त्यावरून त्याला झापायची. त्यातूनच दोघांचं ठरून गेलं होतं. राहिला होता मोठ्यांचा होकार. पण घरच्यांना दुखवून मी मांडवात उभी राहणार नाही, हे हेमांगीने साफ सांगितलं होतं, आणि ती साफ सांगते तेव्हा तसंच करते हे हितेंद्रला माहीत होतं. त्यामुळे रस्ताभर तो मनातल्या मनात सिनेमांची नावं घोकत होता. गाडीत शेजारी त्याची आई, झुंबरबाई, पदर सावरून शांत बसली होती. नवरा गेल्यावर तिने एकटीने पोर वाढवलं होतं, आणि फार बोलायची तिला सवय नव्हती.

देवपुरातल्या त्या घरात बैठकीच्या खोलीत दोन सारख्या खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर हेमांगीचे वडील रतिलाल नाना, वय बासष्ट. दुसरीवर नानांचे सख्खे काका वना आबा, वय एक्कावन्न. नानांच्या आजोबांनी उतारवयात दुसरं लग्न केलं, त्यातून हा घोळ. पुतण्या शाळेत जायला लागल्यावर काका जन्मले. वना आबांचं म्हणणं, मी काका, मान माझा. नानांचं म्हणणं, ज्याला मी कडेवर खेळवलं त्याच्यापुढे वाकू कसा? सात वर्षांपूर्वी एका लग्नात फेटा आधी नानांना बांधला म्हणून आबा जेवणाच्या पंगतीतून उठून गेले होते. त्यानंतर ते आज पहिल्यांदा या घरात आले होते, तेही हेमांगीसाठी. दोघं एकमेकांना नावाने किंवा नात्याने हाक मारत नसत. "अहो, इकडे" एवढ्यावर भागवत. हेमांगी आणि तिची आई सुगंधाबाई, दोघी दोन ट्रे घेऊन एका दमात आत आल्या आणि दोघांच्या हातात एकाच वेळी कप टेकवले. झुंबरबाईंच्या ते बरोबर लक्षात आलं. हितेंद्रचं लक्ष हेमांगीकडे होतं.

"मग, छंद काय तुम्हाला?" नानांनी पाहुण्यांपुढची ठेवणीतली भाषा काढली.

"सिनेमे," हितेंद्र हायसं वाटून म्हणाला. "सायन्स फिक्शनचे."

"म्हणजे राक्षस वगैरे?" आबांनी विचारलं.

इथे हितेंद्रने मान हलवून गप्प बसायला हवं होतं. पण या विषयावर तो एरवीचा गरीब मास्तर राहत नसे. त्याने कप खाली ठेवला आणि बाह्या सारल्या.

"आबा, राक्षस, तबकड्या, अंगातून ठिणग्या निघणारे रोबो, हे बाजूला ठेवा. ती दिवाळीची आतषबाजी. खरा मोठा सिनेमा असतो ना, तो आपल्याला फक्त एक प्रश्न विचारतो. साधा, घरातला प्रश्न. आणि तो प्रश्न आपल्या मागोमाग घरी येतो. माझा सगळ्यात आवडता आहे ना, त्यात एक माणूस यानात बसून अवकाशात जातो. यान इतकं जोरात पळतं, की त्याच्यासाठी काळ हळू चालतो. तो परत येतो तेव्हा बाप पस्तीस वर्षांचा, आणि घरी मुलगा ब्याऐंशी वर्षांचा."

दारात उभ्या हेमांगीने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे," वना आबा खुर्चीत पुढे सरकले, "नात्यानं मोठा तो वयानं लहान."

"बरोबर! तुम्हाला पटकन कळलं. आमच्या पोरांना दोन तास लागतात."

"आम्हाला पन्नास वर्षं झाली कळून," आबा म्हणाले. "बाप तो बाप. पस्तीसचा असो नाहीतर पाचचा."

नानांचा चेहरा बदलला. "आणि ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं पोरासोरापुढं वाकायचं?"

"पोरसोर कोनले म्हनस?" आबा उसळले.

भाषा घसरून घरच्या अहिराणीवर आली तेव्हा हितेंद्रला काहीतरी चुकल्याची जाणीव झाली. नानांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग ते आबांकडे वळले. "याले कोनी शिकाडं हे? तुमी मागल्या महिन्यात जळगावले गयथा."

"केळीनी रोपं आनाले गयथू," आबा म्हणाले. "उलट माले तुनाच डाव दिसस. पाहुण्याच्या तोंडून माझी शोभा करायची."

आता हितेंद्रने सावरायला घेतलं, आणि सावरायला तो विज्ञानच वापरू शकत होता. "तसं नाही हो. वय ही काही पक्की गोष्ट नाहीच. जो जास्त हिंडतो, त्याचं वय कमी वाढतं. हे शास्त्राने सिद्ध झालंय."

नाना ऐन उमेदीत तीस वर्षं केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जात होते. हे हितेंद्रला माहीत नव्हतं, पण आबांना चांगलं माहीत होतं.

"म्हणजे मी शेतात बसून राह्यनू, मनं वय वाढनं," ते हळूहळू, चवीने म्हणाले. "आनि जो गाडी दामटत गया तो लहान व्हयना. वा मास्तर."

"अहो, पण तो फरक सेकंदाच्याही कितीतरी लहान भागाएवढा असतो."

"असंना का. व्हयना ना लहान?"

नाना उठून उभे राहिले. खिडकीपाशी जाऊन बाहेर बघू लागले. त्यांच्या ट्रकच्या तीस वर्षांचा त्यांना फार अभिमान होता, आणि तीच वर्षं आज त्यांच्यावर उलटली होती. मग ते वळले आणि सरळ मुद्द्याचं बोलले. "ते बठ्ठं राहू द्या. सिनेमात शेवटी कोन कोनाच्या पाया पडना, ते सांगा."

"हां, ते सांगा," आबाही म्हणाले.

हितेंद्र म्हणाला, "दाखवलेलं नाही."

"म्हणजे?"

"दार उघडतं, दोघं समोरासमोर येतात आणि पडदा काळा होतो. शेवट आपल्यावर सोडलाय. खरं तर तेच त्या सिनेमाचं मोठेपण आहे."

"शेवट नही शे?" नानांना हे खरंच वाटेना. "पैसे पूर्ण घेतले ना तिकिटाचे?"

आपण स्वतः पाहिल्याशिवाय निकाल नाही, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. हितेंद्रने मोबाइल टीव्हीला जोडला. शेवटची पाच मिनिटं लावतो म्हणाला, तर आबा म्हणाले मागचं पाहिल्याशिवाय पुढचं कसं कळणार. मग अख्खा सिनेमा लागला. यानाने झेप घेतली तेव्हा नानांनी कोणत्या गिअरमध्ये आहे ते विचारलं. यानात चूल दिसत नाही म्हणून सुगंधाबाई काळजीत पडल्या. माणूस गुरूच्या पलीकडे गेला तरी आबांनी डोळ्याचं पातं हलू दिलं नाही. आपला आवडता सिनेमा इतक्या एकाग्रतेने पाहणारे प्रेक्षक हितेंद्रला आयुष्यात भेटले नव्हते.

शेवटी दार उघडलं. म्हातारा मुलगा समोर उभा. तो जरासा पुढे झुकला, तरुण बापाचा हात वर उचलला गेला आणि पडदा काळा झाला.

"पडना पाया!" वना आबांनी मांडीवर थाप मारली.

"मांगे घ्या," नाना म्हणाले. हितेंद्रने मागे घेतलं. म्हातारा पुन्हा झुकला. "हाऊ पाया नही पडत. याची कंबर धरलेली शे. मनी बी धरस, सकाळी सकाळी असाच झुकस मी."

"मग बापानं हात काब्र उचला? आशीर्वाद देवाले."

"म्हतारा पडू नये म्हनीसन. आधार देवाले."

पुन्हा मागे घेतलं. म्हातारा इतक्या वेळा झुकला, की अखेर टीव्हीलाच दम लागून चित्र अडकलं, म्हातारा अर्धवट वाकलेला. त्याच्याकडे बोट करत वना आबा म्हणाले, "आता मास्तरांनीच सांगावं. जावई व्हायचंय ना? निकाल द्या. पण समजून द्या. मी काका नसेन, तर मी या लग्नाला नाही."

"आनि मी मोठा नसेल," नाना म्हणाले, "तर पोरीचं लग्न ठरवणारा मी कोन?"

हितेंद्रने हेमांगीकडे पाहिलं. ती काही सुचवणार नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत होती. उघडा शेवट म्हणजे कलेचा कळस, असं तो वर्गात दरवर्षी सांगायचा. आज कोणी त्या सिनेमाला घट्ट, बंद, कुलूप लावलेला शेवट दिला असता, तर तो त्याच्या पाया पडला असता. घाबरलेल्या माणसाला सुचतं तेच त्याला सुचलं.

"दुसरा भाग येतोय," तो म्हणाला. "त्यात सगळं कळतं."

"कधी येतोय?"

"दिवाळीला. पुढच्या."

नाना-आबांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. "मग ठीक," नाना म्हणाले. "लग्नाचं तेव्हाच पाहू. दुसरा भाग पाहिला की बैठक बसवू."

हितेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. नसलेला सिनेमा दिवाळीला आणायचा कुठून?

"मी पाहिलाय दुसरा भाग," दारातून हेमांगी म्हणाली.

"तू?" हितेंद्रच्या तोंडून निघून गेलं.

"आपल्याकडे दिवाळीला येईल. परदेशात लागून गेला. मैत्रिणीने पाठवला मला." ती पुढे आली आणि मधल्या स्टुलावर बसली. "त्यात असं आहे नाना, की मुलगा बापाला म्हणतो, बरं, तुम्ही मोठे. बाप खूश. दुसऱ्याच दिवशी घरात कार्य निघतं. कार्य म्हटलं की कोणीतरी रुसतं. आत्या रुसते, मावसा रुसतो. मग सगळे बापाकडे येतात, की तुम्ही मोठे, समजूत काढा. तो बिचारा याच्या दारी जातो, त्याच्या दारी जातो. दुपारी त्याला स्वतःलाच रुसावंसं वाटतं, तर सगळे म्हणतात, छे, मोठ्या माणसाला रुसून कसं चालेल? सिनेमा संपेपर्यंत त्याला एकदाही रुसता येत नाही."

वना आबांनी गेल्या तीस वर्षांत एकही कार्य न रुसता पार पाडलं नव्हतं. नाना निदान हळदीच्या दिवशी तरी गच्चीवर जाऊन बसत. आपण काय गमवायला निघालो होतो, ते दोघांनाही एकदमच दिसलं.

आबांनी घसा खाकरला. "तसं पाहायला गेलं तर वय ते वय. रतिलाल, तू मोठा शे."

"असं कसं, काका?" नाना म्हणाले. सबंध आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काका म्हटलं होतं. "नातं ते नातं. तुमीच मोठा."

"मी कसाना मोठा? तू माले कडेवर खेळाडं."

"खेळाडं असीन. तरी काका तुमीच. आनि मी ट्रकवर होतो, मनं वय शास्त्रानं कमी शे. मास्तरले इचारा."

दहाच मिनिटांत दोघं पहिल्याइतकेच लालबुंद झाले, फक्त बाजू बदलून. आता मोठेपण कोणीच घ्यायला तयार नव्हतं आणि त्यावाचून लग्नाला होकार द्यायला घरात कोणी मोठा माणूसच उरला नव्हता. हितेंद्र भिंतीला टेकून बसला.

"दोघांना नको असेल," सुगंधाबाई कप गोळा करता करता म्हणाल्या, "तर जावयाला द्या मोठेपण. प्रश्न आणला त्यांनीच ना?"

त्या घरात इतक्या लवकर कधीच कशावर एकमत झालं नव्हतं. पाट मांडला गेला. नानांनी हितेंद्रच्या डोक्यावर टोपी घातली, आबांनी खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि आजपासून या घरात तुम्ही मोठे, तुम्हीच होकार द्या, असं सांगितलं. हितेंद्रने आनंदाने स्वतःच्याच लग्नाला होकार देऊन टाकला. आपण काय पत्करलं याचा त्याला पत्ता नव्हता. हेमांगीला होता, म्हणून ती त्याच्याकडे जरा मायेने बघत होती.

"विहीणबाई कुठे गेल्या?" सुगंधाबाईंनी विचारलं.

झुंबरबाईंची जागा रिकामी होती. खिडकीतून पाहिलं तर त्या बाहेर गाडीत जाऊन बसल्या होत्या, काच वर करून. सगळ्यांनी हितेंद्रकडे पाहिलं. नानांनी आबांकडे बघून भुवई उडवली आणि दोघं आपापल्या खुर्चीत ऐसपैस रेलले.

"जा," हेमांगी म्हणाली. "मोठे ना तुम्ही?"

टोपी, टॉवेल, नारळ अशा थाटात हितेंद्र गाडीपाशी गेला आणि दार उघडून आईशेजारी बसला.

"काय झालं, आई?"

"काही नाही."

"पोहे बरे नव्हते का?"

"पोहे चांगले होते." झुंबरबाई समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "सगळे सिनेमा कसा वाटला ते बोलले. मला कोणी विचारलं नाही. तूसुद्धा नाही."

हितेंद्रला खरोखरच लाज वाटली. "सांग ना. कसा वाटला?"

"तो बाप गेला तेव्हा पोरगं केवढं होतं?"

"चार वर्षांचं."

"मग त्याला वाढवलं कोणी? शाळेत कोणी घातलं, तापात रात्रभर कोण बसलं? बाप दिसला, पोरगा दिसला, ते यान तर दोन तास दिसलं. तिला कुठे एकदा दाखवली नाही. दोघं दारात मोठं कोण, मोठं कोण करत उभे. मोठी ती होती."

विज्ञानपटावर आजवर झालेली इतकी नेमकी टीका हितेंद्रने कुठे वाचली नव्हती. अकरा वेळा तो सिनेमा पाहून त्याला हे सुचलं नव्हतं. पण खिडकीत आता चार चेहरे वाट बघत होते आणि त्याच्या डोक्यावर टोपी होती.

"आहे ती, आई," तो म्हणाला. "तिसऱ्या भागात तीच आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

झुंबरबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पोरगं खोटं बोलतंय हे त्यांना तो चार वर्षांचा असल्यापासून ओळखता येत होतं.

"बघेन मग," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरत गाडीतून उतरल्या.