अण्णांचं बिनगव्हाचं गोड

आमच्या शेजारचे त्र्यंबकअण्णा सूचक आणि अनुमोदक मिळाल्याशिवाय चहाची बशीसुद्धा तोंडाला लावत नाहीत. सूचक ते स्वतःच असतात. अनुमोदनासाठी सकाळी सकाळी कुंपणावरून मला हाक येते.

"आक्का, चहा पिण्याचा विषय मांडलाय. अनुमोदन?"

"दिलं बाबा. प्या आता."

"विरोधात कुणी?"

कुंपणाशी माझी शेळी बांधलेली असते. ती काही बोलत नाही. मग ठराव सर्वानुमते मंजूर होतो आणि अण्णा चहा ओततात.

गावच्या दूध संस्थेचे ते सचिव होते, जन्मभर. मग पाऊस दगा देत गेला. चारा संपला, लोकांनी जनावरं छावणीला नेऊन बांधली, काहींनी विकून टाकली. दूधच नाही तर संस्था कशाची? दाराला कुलूप लागलं. अण्णांच्या तोंडाला मात्र लागलं नाही. बायको होती तोवर तिनं ते सोसलं. कौसाबाई चुलीपुढून मान वर न करता "मंजूर" म्हणायची आणि भाकरी उलटायची. ती गेली आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मला कुणी विचारलं नव्हतं. चौथी शिकलेली बाई मी, गुडघे गेलेली. हंडाभर पाण्यापायी अर्धा दिवस जातो, उरलेल्या दिवसात हे अनुमोदन.

एका ठरावानं मात्र अण्णांचं वाटोळं केलं, ते सांगते.

त्यांना एकच लेक, सुनंदा. पुण्याला नोकरी करते. डॉक्टरांनी तिला गहू कायमचा बंद केलाय. गव्हात ग्लुटेन म्हणून एक चिकट पदार्थ असतो, तो तिच्या आतड्याला सोसत नाही. कणभर पोटात गेला तरी आडवी होते. कौसाबाईच्या वर्षश्राद्धाला ती आली. पंगतीत पुरणपोळी होती. ती नको म्हणाली, कारणही सांगितलं. अण्णा उभे राहिले.

"आईच्या नावाची एक पोळी खाण्यास हरकत नसावी. बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

सगळ्या पंगतीचे हात वर झाले. निम्म्यांना वाटलं, वाढप्याला बोलवायचंय. पोरीनं बापाकडं बघितलं आणि पोळी खाल्ली. परत जाताना एसटीतच तिचं पोट फिरलं. बीडला उतरवून सलाईन लावावं लागलं.

तेव्हापासून ती येते ती स्वतःचा डबा घेऊन. ओट्यावर बसून खाते, पाणी स्वतःच्या बाटलीतलं पिते आणि चारच्या गाडीनं जाते. बापाच्या घरचा एक घास घेत नाही. भांडतही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणारं माणूस निदान थांबतं तरी.

या उन्हाळ्यात तिचा फोन आला, रविवारी येते म्हणून. अण्णांनी विचारलं, "बेटा, तू तिकडं गोड काय खातीस?" ती म्हणाली, भाजलेलं सफरचंद, वरून बिनगव्हाचा चुरा, साखर नाही. फोन ठेवला आणि अण्णा युसूफ वडगावच्या बाजारातून सफरचंदं घेऊन आले. पिशवी जाळीची होती. तिथंच चुकलं.

आमच्याकडं सफरचंद म्हणजे दवाखान्याचं फळ. धडधाकट माणूस ते विकत घेत नाही. कुणाच्या हातात दिसलं की पहिला प्रश्न, कोण ॲडमिट हाय? अण्णा तर एकटे राहतात. म्हणजे आजारी तेच, असं गल्लीनं ठरवून टाकलं. पारूबाई सगळ्यात आधी आली.

"अण्णा, कावून सांगितलं न्हाई? काय निघालं तपासणीत?"

"काही निघालेलं नाही, पारूबाई."

"आमचे मामंजीबी असंच म्हनत म्हनत गेले," असं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला आणि त्यांच्या उशाशी दोन सफरचंदं ठेवली. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही रीतच आहे. दुसऱ्या दिवशी दूध संस्थेचे जुने सभासद आले, किराणावाला आला, भजनी मंडळ आलं. जो येई तो अण्णांना आडवं पाडी आणि सफरचंदं ठेवी. बिस्किटाचे पुडेही आले, सगळे गव्हाचे. ते अण्णांनी माझ्याकडं असे फेकले, जणू घरात साप निघालाय. ज्या गावात प्यायला पाणी नव्हतं, त्या गावात एका निरोगी माणसाच्या घरी सफरचंदांचा ढीग लागला.

मग प्रयोग सुरू झाले. भट्टी नाही, ओव्हन नाही. अण्णांनी मोठं पातेलं काढलं, तळाला नदीची वाळू पसरली. नदीत आता तेवढंच उरलंय. वाळूवर ताटली, ताटलीत सफरचंदाच्या फोडी, त्यावर ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, तीळ आणि थोडं तूप असा चोळलेला चुरा. वर झाकण, झाकणावर निखारे. मला रोज चव बघायला बोलावणं.

"आक्का, मत नोंदवा."

"राख हाय."

"'राख' असं मत नोंदवलं. पुढं?"

दुसऱ्या दिवशी लापशी झाली. तिसऱ्या दिवशी चुरा खरपूस झाला, पण फोडी आंबट. साखरेच्या जागी खजूर कुस्करून घातला तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. पारूबाईला ते पटलं नाही.

"साखर कारखान्याचे सभासद तुमी, अन् घरात बिनसाखरेचं गोड? लोक काय म्हनतेल?"

"लोकांचं बहुमत मी एकदा ऐकलंय," अण्णा म्हणाले.

शनिवारी ताजं पीठ हवं म्हणून ते ज्वारी घेऊन गिरणीत गेले आणि जसेच्या तसे परत आले. डबा उघडला तर ज्वारी अख्खी. अण्णांचं तोंड उतरलेलं.

"काय झालं? लाईट गेली का?"

"आक्का, माझ्या आधी गव्हाचं दळण होतं. सगळी गिरणी गव्हानं पांढरी झाल्याली. भिताडं, पट्टा, त्या गड्याच्या भुवयासुदीक. आन् मी आजवर वापरलेलं पीठ तिथलंच हाय." ते ओट्यावर टेकले. "हे मी तिला घातलं असतं. परत."

मी त्यांच्या हातातला डबा घेऊन खाली ठेवला.

मग म्हणाले, "तुमच्याकडं जातं हाय न्हवं? त्यावर गहू?"

"गहू कधी पडला न्हाई. डाळी भरडते मी. पण अण्णा, जातं माझं असलं तरी गुडघे माझे राहिले न्हाईत. तुमी ओढा."

उभ्या आयुष्यात या माणसानं जात्याला हात लावलेला नव्हता. मांडी घालता येईना, पाय पसरावे तर धोतर आडवं येई. पहिली मूठभर ज्वारी जातं साफ करायला दळली आणि शेळीला टाकली. मग दुसरी मूठ. मी म्हणाले, बास, जातं निघालं स्वच्छ. ते म्हणाले, आणखी एक. शेळीची चंगळ झाली. खुंटा दोनदा निसटला, एकदा नडगीवर आला. बायका जात्यावर ओव्या म्हणायच्या; अण्णांच्या तोंडातून फक्त धाप निघत होती. मी भिंतीला टेकून बघत बसले. दिवस कलला तेव्हा वाडगाभर पीठ झालं. चाळणीला गहू लागलेला, म्हणून मी ते धुतल्या फडक्यातून चाळून दिलं.

रविवारी सुनंदा आली. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. अण्णांनी तीनदा घासलेली ताटली तिच्यापुढं ठेवली आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. आग्रह नाही, भाषण नाही. मला वाटलं, आता हा माणूस खरंच आजारी आहे.

तिनं चमच्यानं चुरा बाजूला सारून बघितला. "पीठ कुठलं, अण्णा?"

"आक्काच्या जात्यावरचं. त्यावर गहू न्हाई पडत. तू आक्काला विचार."

"न्हाई पडत," मी म्हणाले.

"दळलं कुणी?"

अण्णांनी हात मागं घेतले. ती उठली, एक हात ओढून पुढं आणला आणि उलटा केला. तळव्यावर फोड फुटून कातडी लोंबत होती. तिनं तो हात हळूच सोडला. मग खाली बसली आणि खायला लागली.

"थोडं करपलंय," म्हणाली, आणि पातेल्यातून आणखी वाढून घेतलं.

डबा पिशवीतून निघालाच नाही. खाऊन तिनं भिंतीकडं तोंड केलं, पदर डोक्याखाली घेतला आणि जरा पडते म्हणाली. चारची गाडी आली, हॉर्न वाजवून गेली. ती उठली नाही.

तेवढ्यात टँकर आला. टँकर म्हटला की आमच्या गावात माणूस माणसाला ओळखत नाही. घागरीला घागर आपटते, बायका एकमेकींच्या आया-बहिणी काढतात. मी अण्णांना सांगायला गेले. ते उंबऱ्यात दाराला टेकून बसले होते, हातात काडी घेऊन कोंबड्या हाकत होते, तेही आवाज न करता. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"टँकर आलाय," मी म्हणाले.

"हळू बोला. मी उठलो की दार वाजतं. झोपलीय ती."

"पाणी मिळायचं न्हाई मग दोन दिवस."

त्यांनी नुसती मान हलवली. आत पोरगी जरा कुशीवर वळली, तर हा माणूस श्वास धरून बसला.

मी त्यांच्या दोन घागरी उचलल्या आणि रांगेत जाऊन उभी राहिले. पुढं पारूबाई होती. तिला म्हणाले, सरक थोडी, आज माझ्याकडं चार घागरी हायत.